जास्तीचा तास

दिवा जरा बारीक कर रे. चहा झाला ना सगळ्यांचा? मग ऐका. तुम्ही पोरं आता गाडीवर तिकिटं तपासायला लागलात, म्हणजे आज ना उद्या ही रात्र तुमच्या वाट्याला येणारच. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारची, हिवाळ्यासाठी घड्याळं मागे घ्यायची रात्र. तीन वाजले की पुन्हा दोन वाजतात, आणि गाडी वेळेच्या पुढे पळू नये म्हणून तिला मधल्या एखाद्या स्टेशनात तासभर उभी करतात. त्या तासाची ही गोष्ट. माझ्या शेजारच्या इमरिखची. खोटी असेल तर गेझा नाव लावणार नाही.

त्या शनिवारी सकाळी प्रागला उतरल्यावर इमरिख आधी औषधाच्या दुकानात गेला.

"बूट चावल्यावर टाचेला लावायच्या पट्ट्या द्या."

"बसा आजोबा, मीच लावून देते," दुकानातली बाई म्हणाली.

"मला नकोत. बायकोला हव्यात."

दहा पट्ट्यांचं पाकीट त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. त्याची बायको झोफिया गेल्या वर्षीच्या याच शनिवारी गेली होती.

तेव्हा दोघं आगगाडीने युरोप बघायला निघाले होते. सोळा दिवस, नऊ शहरं. इमरिख भूगोलाचा मास्तर, सहलीचा कागद त्याने मिनिटामिनिटाचा केलेला. शेवटचा दिवस प्रागचा, रात्रीच्या गाडीने परत घरी, कोशित्सेला. दुपारपर्यंत पूल झाला, मनोरा झाला, दोन चर्च झाली. पंधरा दिवसांची वणवण झोफियाच्या पायात उतरली होती. ती लंगडायला लागली.

"इमरिख, बूट चावतोय रे. कुठं पट्टी मिळते का बघ ना. आणि तासभर बसू या."

"आता किल्लाच तर राहिलाय."

"किल्ला काय पळून जातोय?"

"गाडी जाते ना. अगं, आज घड्याळ मागे जाणार. रात्री गाडीत अख्खा तास जास्तीचा मिळणार आहे आपल्याला. तेव्हा बस की हवं तेवढं. पट्टीही लावू तेव्हाच."

"बरं मास्तर. मग तो तास माझा हं," ती म्हणाली, आणि किल्ल्याच्या पायऱ्यांच्या तळाशी दगडी बाकावर बसली.

तो एकटा वर गेला. सगळं बघून उतरला तेव्हा ती बाकावरच होती. एक बूट काढून बाजूला ठेवलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, तुम्ही जवळ असतात तरी काही करता आलं नसतं. त्याला ते पटलं नाही. वर्षभर माझ्या ओट्यावर बसून एकच म्हणायचा, "गेझा, एक पट्टी मागितली होती रे तिने." मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

म्हणून यंदा तो पुन्हा गेला. किल्ल्याकडे फिरकला नाही. दिवसभर त्या बाकावर बसून राहिला, आणि रात्री गाडीत बसला. समोरासमोरच्या दोन जागा त्याने घेतल्या होत्या. डब्याच्या त्या खणात दुसरं कोणी नव्हतं.

झिलिना शहराच्या अलीकडे एका लहान स्टेशनात गाडी थांबली. तीन वाजले. इमरिखने मनगटावरचा काटा फिरवून दोनवर आणला. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. डब्यातले दिवे मंद झाले.

मग डब्यातल्या बोळात कोणीतरी चालत आलं.

एक पाऊल वाजायचं. दुसरं वाजायचं नाही.

एक वाजायचं... दुसरं नाही...

दार सरकलं. इमरिखने मान वर केली नाही. समोरची गादी दबली. त्याला दिसला फक्त एक पाय. अनवाणी. टाच सोललेली, लाल.

"झोफिया..."

...

तो खाली गुडघ्यांवर बसला. पाकीट फाडलं. पट्टी लावली. टाच गार होती. बाकाच्या दगडासारखी गार.

"चुकलं माझं."

...

"झोफी, चुकलं गं."

त्याच्या डोक्यावर हात आला. केसांतून फिरला. सावकाश.

तो खालीच बसून राहिला, तिच्या पायाशी. तासभर.

गाडीला धक्का बसला. त्याने वर पाहिलं.

समोर कोणी नव्हतं.

सकाळी स्टेशनातून तो थेट माझ्याकडे आला आणि सगळं सांगितलं. पाकिटात नऊ पट्ट्या. मी म्हटलं, "अरे मास्तर, झोपेत स्वतःलाच लावून घेतली असशील." माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने दोन्ही मोजे काढले. मी चष्मा लावून पाय बघितले. पट्टी नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मृतांचा दिवस आला. सगळं गाव मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातं, तसे आम्हीही गेलो. आठवडाभर पाऊस कोसळत होता. झोफियाच्या दगडावर ओल्या पानांचा थर साचला होता. मी हातांनी पानं सारली.

खाली पट्टी होती. कोरडी. टाचेच्या आकाराला वाकलेली, वापरलेली.

मेणबत्तीसाठी पेटवलेली काडी माझ्या हातातच विझली. दुसरी पेटवायला मला बराच वेळ लागला.

इमरिख त्या पट्टीकडे पाहत राहिला. हात लावला नाही.

"काढून ठेवली तिने," तो हळूच म्हणाला. "म्हणजे आता दुखत नसणार."