सातव्या खोलीचा नंबर बदलला

ही माझ्या सख्ख्या बहिणीची, शोभाताईची हकीकत आहे. पटत नसेल तर सोडून द्या. मी तिचा त्या दिवशीचा चेहरा पाहिलाय.

नागपूर. मे १९८९. शनिवार, दुपारचे अडीच.

खाणींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत ताई कॉम्प्युटर सांभाळायची. सात खोल्यांत सात कॉम्प्युटर, सगळे वायरीने जोडलेले. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला की मुख्य मशीन त्याला नवा नंबर द्यायचं. आज त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. दर शनिवारी त्या नंबरांवरून सगळ्यांचं काम टेपवर उतरवायचं. म्हणून ताई आधी खोलीखोलीत फोन करायची, आजचा नंबर विचारायची, यादी दुरुस्त करायची.

एक नंबर चुकला, तर त्या माणसाचं काम टेपवर यायचंच नाही.

मार्चमध्ये तेच झालं.

सातव्या खोलीत मधुकरराव बसायचे. सर्व्हेअर. त्यांनी स्वतःच फोन केला होता, "ताई, माहा नंबर बदलला. लिहून घेजा."

ताई घाईत होती. राहून गेलं.

सोमवारी त्यांचा कॉम्प्युटर बिघडला. टेपवर काहीच नव्हतं. गेलेली मोजणी पुन्हा घ्यायला मधुकरराव सावनेरजवळच्या खाणीत उतरले...

आत पाणी फुटलं.

ते वर आले नाहीत.

आपली चूक ताईनं फक्त मला सांगितली. मधुकररावांचा कॉम्प्युटर कपाटात गेला. खोलीला कुलूप लागलं.

त्या शनिवारी शिपाई महादेवराव सोडून सगळे घरी गेले होते. सहा कॉम्प्युटर तेवढे चालू ठेवले होते. ते घरी जायच्या आधी विचारून घेतलेले सहा नंबर ताईनं लिहिले. पडद्यावर चालू कॉम्प्युटरांची यादी आली...

सात.

मशीनची काहीतरी गडबड असेल म्हणून तिनं सातवा खोडला.

तो पुन्हा आला. नंबर बदलून.

पुन्हा खोडला. पुन्हा आला. पुन्हा वेगळा नंबर...

तेवढ्यात आतला फोन वाजला. फोनवर दिवा सातव्या खोलीचा लागला होता.

ताईनं उचलला.

टप... टप... टप...

"ताई, माहा नंबर बदलला. लिहून घेजा."

आवाज तोच.

"कुठून... कुठून बोलून राहिले तुम्ही?"

"खालीच आहो ना. पाच जणांची जागा मोजून राहिलो."

ताई किंचाळली. महादेवराव धावत आले.

"काय झालं वं बाई? काहून ओरडून राहिली?"

दोघांनी मिळून ती खोली उघडली. टेबल रिकामं. वायर तोडलेली, भिंतीला लोंबकळत होती.

आणि फोन...

तिथं फोनच नव्हता. तो एप्रिलमध्येच काढून नेला होता.

परत आले तर टेप फिरत होती. यादीत सातवा नंबर होता. ताईनं तो लिहिला नव्हता.

टेपवरून एक नकाशा निघाला. मधुकररावांचा, हरवलेला. पण तारीख त्या शनिवारचीच. ते बुडाले त्या जागेच्याही पुढं बोगदा काढलेला होता. तिथवर अजून कुणी खोदलंच नव्हतं.

बोगद्याच्या टोकाला पाच छोटे चौकोन. माणूस आडवा मावेल एवढ्या मापाचे.

सोमवारी ताईनं नकाशा मोठ्या साहेबांपुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. स्वतःची चूकसुद्धा. साहेब हसले नाहीत. खाणीचा तो भाग त्यांनी बंद करवला.

त्याच दिवशी ताईनं नोकरी सोडली.

इतकी वर्षं गेली. साहेबही आता नाहीत. गेल्या आठवड्यात पेपरात आलं, त्या बंद भागात पुन्हा काम सुरू होणार.

ताईनं पेपर माझ्यापुढं टाकला. "आता त्यायले कोण सांगन गा?"

मी खाणीच्या कचेरीत फोन लावला. पलीकडच्या माणसानं नाव विचारलं, काम विचारलं.

काय सांगणार होतो मी...

फोन ठेवून दिला.

काम येत्या सोमवारी सुरू होतंय.