पेटीतलं वरण

वैशाखातली भर दुपार. रामबागेतल्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि प्रेमलता कोळशाच्या वखारीवरून रिकामं पोतं घेऊन परतत होती. रांगेत उभं राहून डोकं तापलेलं, त्यात वखारवाल्याने 'परसों आना' म्हणून वाटेला लावलेलं. त्याच तिरीमिरीत ती घराचा जिना चढायला गेली आणि वरून उतरणाऱ्या एका लाकडी पेटीवर आदळली. पेटीतलं वाळकं गवत तिच्या डोक्यावर, खांद्यावर, थेट पदरात सांडलं.

पेटीमागून एक चेहरा डोकावला. वरच्या खोलीतला नवा भाडेकरू. दौलत... देवासचा, कॉलेजात विज्ञान शिकवणारा, एकटा... एवढं तिच्या आईसाहेबांनी सांगितलं होतं. डोळे इतके हसरे आहेत, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

"माफ करा जी... लागलं तो नहीं?"

"लागलं नाही. पण घोडा कुठे बांधणार, ते सांगा."

"घोडा नाही, स्वयंपाकघर आहे हे."

"अच्छा? मग आम्ही आजवर फालतूच शेगड्या फुंकल्या म्हणायच्या!"

तो हसला. पेटी जिन्याखाली टेकवून त्याने गवतात केलेले दोन खळगे दाखवले. "डाळीला शेगडीवर चांगली उकळी आणायची, झाकण लावायचं अन् भांडं इथे पुरून वर ही गवताची उशी दाबायची. बाकी ती आपोआप शिजते. कोळसा निम्मा वाचतो, घरही तापत नाही. बस, जेवणापर्यंत उघडायचं नाही."

"अन् उघडलं तर?"

"ऊब निघून जाते. मग कच्ची डाळ खायची."

घरात कोळसा नसला की माणूस कशावरही विश्वास ठेवतं. दुसऱ्याच दिवशी एका खळग्यात प्रेमलताची डाळ गेली, दुसऱ्यात त्याचा भात. ती शाळेत शिकवून परतायची, तो कॉलेजातून. दोघं मिळून उशी काढायचे. वाफ चेहऱ्यावर यायची.

"शिजली?"

"शिजली."

बोलणं एवढंच. पण या एवढ्याशा बोलण्यासाठी प्रेमलता शाळेतून घाईघाईने यायची आणि जिन्याजवळ आल्यावर मुद्दाम हळू चालायची.

आणि मग मध्ये आली कमल. शेजारची, प्रेमलताची लहानपणापासूनची मैत्रीण. देखणी, आणि हसायला लागली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारी.

"कमलजींच्या घरीही कोळसा नाही," एका संध्याकाळी दौलत म्हणाला. "माझा खळगा त्यांना देऊ? तुम्ही नको म्हणालात तर... नाही देणार."

"मला कशाला विचारता? पेटी तुमची."

तो क्षणभर उभा राहिला, काही ऐकायचं राहिलंय असा. मग गेला.

झालं! रोज आपल्या डाळीशेजारी कमलचं पातेलं. गरम लागू नये म्हणून दौलत तिच्या हातात फडकं देणार, ती खळखळून हसणार, आणि वर दुपारी तिच्या घरून त्याला ताट जाणार. प्रेमलताचा नुसता जळफळाट व्हायचा. फडकं काय, आपल्या घरी नव्हतं? कमलशी ती तुटक बोलू लागली, आणि कमलला त्याचा पत्ताही नव्हता. याचा तिला आणखी राग यायचा.

एक दिवस दौलतने तिला जिन्यातच गाठलं. "शांतामावशी येतेय रविवारी. आईच्या माघारी तिनेच वाढवलं मला. ताटाचं मी पत्रात लिहिलं, तर तिने कमलजींचं नाव काढलंय... माझ्यासाठी. तुम्हाला कसं वाटतं?"

प्रेमलताला ते नकोच होतं. पण मान कशाची खाली घालते!

"छान आहे. गोरी आहे. हसतेही पुष्कळ."

"बस? इतकंच?"

"और क्या?"

घरात जाऊन तिने कोथिंबिरीची जुडी अशी काही चिरली, की आईसाहेब म्हणाल्या, "बाई, चटणी करायला नाही सांगितली."

रविवार उजाडला. वरच्या खोलीत पाहुण्यांना बसवायला जागा कुठली? आईसाहेबांनी मोठ्या मनाने पंगत आपल्याच घरी ठेवली. पोळ्या, भाजी त्यांच्याकडचीच. वरण मात्र कमलच्या हातचं, पेटीत ठेवलेलं. मावशीला मुलीच्या हाताची चव बघायची होती.

बाहेर गप्पा रंगल्या होत्या. प्रेमलता माठातलं पाणी घ्यायला उठली आणि जिन्याखाली थबकली. नुसतं बघायचं... गूळ घातलाय का? त्याला गोड आवडतं, हे हिला कळलंय का? तिने उशी काढली, झाकण उचललं. वाफेबरोबर आमसुलाचा वास आला. गूळही होता. ती बघत राहिली, वाफ जात राहिली. ऊब निघून जाते, हे तिला ठाऊक होतं का? चांगलं ठाऊक होतं. तरी झाकण ठेवायला तिचा हात होईना.

पानं वाढली. मावशींनी पहिला घास घेतला आणि दाताखाली डाळ कचकन वाजली.

"पोरी, डाळ भिजवली होतीस ना?"

"हो... उकळीही आणली होती, मावशी." कमलचा चेहरा उतरला. तिने पळीने वरण ढवळून पाहिलं.

"दोष माझा आहे," दौलत चटकन म्हणाला. "गवत कमी पडलं असेल."

तो हिला पाठीशी घालतोय! प्रेमलताच्या मनात पुन्हा आग उठली. आता नुसतं गप्प बसायचं. कमलचं नाव आपोआप मागे पडेल... तेवढ्यात कमलने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. कमल आणि रडते? लहानपणी पडली, खरचटलं, तरी हसणारी मुलगी ही.

"मावशी, पेटी मी उघडली," प्रेमलता म्हणाली. "डाळ माझ्यामुळे कच्ची राहिली."

"कशाला गं?"

सगळे बघत होते. अप्पासाहेबांचा, तिच्या वडिलांचा, घास हातातच राहिला.

"मला कमलचा मत्सर वाटतो. रोज वाटतो. हे तिचे व्हावेत... ते मला बघवत नाही."

मावशी दौलतकडे वळल्या. "आणि तू? तोंडात मूग?"

"मी हिच्या मनातलं काढून घ्यायला गेलो होतो, मावशी," दौलत म्हणाला. "हिने कमलजींची तारीफ केली. मला वाटलं, हिच्या मनात काही नाही. माझ्या मनात तर... त्या जिन्यातल्या दुपारपासून हीच आहे."

कमल पळी ठेवून उठली आणि निघून गेली.

प्रेमलता तिच्यामागे धावली. कमल आपल्या दारात पाठमोरी उभी होती.

"कमल, चुकले गं."

"एकदा सांगायचं तरी! मी होकार दिला असता का?" कमल वळली. नाक लाल झालेलं. "मला तो आवडायला लागला होता, लता. थोडासा. अब जा, नाहीतर विचार बदलेन."

प्रेमलताने तिला घट्ट मिठी मारली. कमलने आधी ढकललं, मग धरून ठेवलं.

परतताना दौलत जिन्यापाशीच उभा होता.

"मावशी उपाशी आहे," तो म्हणाला. "संध्याकाळी सराफ्यात खायला जाऊ म्हणते. तुम्ही... तू येशील?"

"येईन. कमललाही बोलवू."

"खरंच?"

"हो," प्रेमलता म्हणाली. "पण तुमच्या शेजारी मी बसणार."