रांगेत शेवटी

गाण्याच्या बाई मुलांना आल्या आल्या कधीच गायला लावत नसत. "आधी अंग, मग आवाज," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाचनालयाच्या वरच्या लांबट खोलीत मुलं बूट काढून उभी राहत, हात झटकत, जबडा सैल सोडून खोट्या जांभया देत. खोट्यातून खऱ्या जांभया सुटत आणि हसून हसून मुरकुंडी वळे. मग सगळे पियानोकडे तोंड करून रांगेत उभे राहत आणि प्रत्येक जण आपल्या पुढच्याचे खांदे दाबून देई. थोड्या वेळानं बाई टाळी वाजवत.

"उलटं वळा! ज्यानं तुमचे दाबले, त्याचे आता तुम्ही दाबा. फुकट काही घ्यायचं नाही."

रांगेत सगळ्यांत शेवटी, मागच्या भिंतीला लागून, बाईंची नात उभी राही. आई नोकरीसाठी दूर गेल्यापासून ती आजीकडेच होती, आणि तेव्हापासून तिचा आवाज बसला होता. घसा ठणठणीत आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण खांदे कानांपर्यंत चढलेले, लाकडासारखे कडक, आणि बोलणं म्हणजे नुसती कुजबुज. मुलं तिला कासव म्हणत. वार्षिक कार्यक्रमाला तिची आई येणार होती. पोरीनं त्या दिवशी एक कडवं तरी एकटीनं म्हणावं, या एका आशेवर बाई तिला रोज रांगेत उभं करत.

एका दुपारी रांग उलटी वळली आणि नातीचे खांदे दाबणारा मुलगा ओरडला. आवाज असा दणदणीत, की सगळे त्याला भोंगा म्हणत.

"बाई, कासव मऊ पडलंय!"

बाईंनी हात लावून पाहिला. खांदे खरंच उतरले होते.

"कुणी दाबले गं?"

"मागच्यानं," नात म्हणाली. चांगल्या खणखणीत आवाजात.

वळण्याआधी तिच्या मागे नुसती भिंत होती. मधे एखादी खुर्चीही मावली नसती.

बाईंना हसू आलं. लहान मुलांचे असे न दिसणारे सवंगडी त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. गुण येतोय ना, मग वैद्य दिसला नाही म्हणून काय बिघडलं? आणि गुण तर असा आला, की आठवडाभरात पोरगी वरचे सूर न कचरता लावू लागली. भोंग्यानं तिला कासव म्हणणं सोडून दिलं.

फक्त एक गोष्ट खटकू लागली. रांग उलटी वळली, की नात सगळ्यांच्या पुढे येई. तिच्यासमोर नुसती भिंत. तरी ती वाकून, गुडघ्यांच्या उंचीवर हवेत बोटं फिरवत राही.

"हे काय चाललंय?"

"त्याचे दाबते. फुकट घ्यायचं नाही, तूच म्हणतेस ना?"

काही दिवसांनी तिचे हात कमरेपाशी आले. मग छातीपाशी.

बाई आता लक्ष ठेवू लागल्या. पियानोजवळून नव्हे, बाजूला उभं राहून. नातीच्या फ्रॉकवर, मानेच्या दोन्ही बाजूंना, कापडात दोन खळगे पडत. अंगठ्याएवढे. ते हळूहळू गोल फिरत, बाई शिकवत अगदी तसे.

केस विंचरताना एकदा नात म्हणाली, "आजी, त्याचे खांदे अजून सुटत नाहीत बघ. फार कडक आहेत. सुटले की तोपण गाणार आहे."

"काय गाणार?"

"माझंच."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला रांगेच्या मधोमध उभं केलं. तास संपेपर्यंत खांदे पुन्हा कानांना भिडले आणि तोंडातून कुजबुज तेवढी निघाली. कार्यक्रम परवावर आला होता.

बाईंनी मनाशी ठरवलं.

कार्यक्रमाचा दिवस आला. रंगमंचामागची खोली अरुंद होती. मुलं रांगेत उभी राहिली. नातीच्या मागे, भिंतीशी, बाई स्वतः उभ्या राहिल्या.

"आज शेवटी मी."

नातीनं वळून त्यांच्या मागे पाहिलं. "त्याला जागा ठेव हं, आजी."

बाईंनी तिचे खांदे दाबायला घेतले. आणि त्यांच्या खांद्यांवर हात टेकले. गार नव्हते, गरमही नव्हते. अंगठे मानेखाली आले, गोल फिरू लागले. घाई नाही, जोर नाही. कित्येक वर्षांची एक गाठ अलगद सुटली आणि बाईंचे डोळे भरून आले.

टाळी वाजली.

बाईंचे दोन्ही हात नातीच्या खांद्यांवर होते.

रांग उलटी वळली. बाईही वळल्या. समोर भिंत.

हात उचलायचे नाहीत, त्यांनी स्वतःला बजावलं. पण जन्मभराची सवय. हात उठले, पुढे गेले आणि कशाला तरी लागले. बरोबर नातीच्या उंचीवर.

लाकडासारखं कडक.

"खाली सोड, बाळा," त्या बोलून गेल्या.

बोटांखाली ते सैल झालं.

नातीचं कडवं असं रंगलं, की सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेत पोरीची आई डोळे पुसत होती. बाई पडद्याआड, बाजूला उभ्या होत्या. तिथून त्यांना नातीचा चेहरा जवळून दिसत होता.

कडवं चालू होतं आणि ओठ मिटलेले होते.

टाळ्या सुरू होताच नात धावत पडद्याआड आली. तिनं तोंड उघडलं. आवाज नाही. कुजबुजही नाही. मग ती वळली आणि आजीकडे पाठ करून उभी राहिली.

बाईंनी हात ठेवले. खांदे कानांपर्यंत चढले होते.

"पुन्हा एकदा!" बाहेरून कुणी तरी म्हणालं.

माइकपुढे कुणीच नव्हतं. कडवं पहिल्यापासून सुरू झालं, आणि पहिल्या रांगेतून आई त्या रिकाम्या जागेकडे बघून हात हलवू लागली.