मोकलचा उजवा हात

सायंकाळी सात वाजून बारा मिनिटांनी सांगलीच्या बंदिस्त क्रीडागारात रायगड संघाचा चढाईपटू सुयोग मोकल याने मध्यरेषेपासून दोन पावलांवर उजवा हात वर केला आणि तो स्वतःहून बाद झाला. त्या एका गुणाने रायगड साखळी सामना हरला.

पंचांनी शिट्टी वाजवली नव्हती. समोरच्या संघाने दाद मागितली नव्हती. कुणाला काही दिसले नव्हते, कारण दिसण्यासारखे काही नव्हतेच. मोकलचा दम तुटला होता, एवढेच. चढाईला गेलेल्या गड्याने एकाच श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहायचे आणि तो श्वास संपायच्या आत परतायचे, हा या खेळाचा सगळ्यात जुना नियम. बाकीच्या नियमांवर आता यंत्रांची नजर होती. मॅटखाली दाबमापक होते, रेषांवर प्रकाशाच्या पट्ट्या होत्या, निसटता स्पर्शही पडद्यावर उमटत असे. पण हजारो प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यात एखाद्याने ‘कबड्डी’च्या ‘क’आड घेतलेला बारीक श्वास ओळखणारे यंत्र कुणालाही बनवता आले नव्हते. खेळाडू त्याला ‘श्वास चोरणे’ म्हणत. बहुतेक जण चोरत. मोकल चोरत नसे. दम तुटला की तो हात वर करून चालू लागे, आणि त्याच्या या सवयीचे कौतुक महाराष्ट्रभर होते.

त्या दिवशीही प्रेक्षक उभे राहिले. समोरच्या संघाच्या कर्णधाराने येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कपडे बदलायच्या खोलीत प्रशिक्षक गजानन ठाकूर, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, बाकावर येऊन बसले. “हरलो, पण नाक शाबूत आहे,” ते म्हणाले. “शाब्बास बाला.”

“भाऊ, हात मी वर केला नाही.”

“अख्ख्या सांगलीने बघितला.”

“हात वर झाला. मी केला नाही. मी ठरवलं होतं, आज गप्प परत यायचं.”

भाऊ त्याच्याकडे वळले. “तू? श्वास चोरणार होतास?”

“अडतीस वर्षांचा आहे मी. या वर्षी करंडक आला नाही तर पुढच्या मोसमात मला कोण घेतंय? पाच सामने राहिलेत. एकदा चोरायचा होता. एकदाच.” मोकलने उजवा हात मांडीवर पालथा ठेवला. “आणि यानं मला विचारलंसुद्धा नाही.”

*

चार वर्षांपूर्वी साखळी पकडीत मोकलची मान मोडली होती. दोन कोपरारक्षक त्याच्या पाठीवर पडले, डोके छातीकडे दुमडले आणि मानेतला पाचवा मणका सरकून आतल्या मज्जारज्जूवर बसला. मज्जारज्जू म्हणजे मेंदूच्या आज्ञा हातापायांकडे नेणारी मुख्य वाहिनी. ती तिथे जवळजवळ तुटली. सात महिने मोकल चमचाही धरू शकत नव्हता.

पुण्याच्या मज्जाविज्ञान केंद्रात डॉ. शाहीन मुकादम यांनी तुटलेल्या जागेवर ‘मज्जासेतू’ बसवला. तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन चकत्या, एक जखमेच्या वर, एक खाली. वरची मेंदूची आज्ञा वाचते, खालची ती पुढच्या नसांना देते. अशा सेतूंवर तोवर माणसे चालली होती, जेवली होती, एकाने पेटीही वाजवली होती. चढाई कुणी केली नव्हती. मोकलने केली. पहिल्या मोसमात लोक त्याची कीव करत होते, दुसऱ्यात टाळ्या वाजवू लागले आणि तिसऱ्यात त्याने राज्यातल्या कुणाही चढाईपटूपेक्षा जास्त गुण मिळवले.

सांगलीच्या सामन्यानंतर तिसऱ्या दिवशी तो डॉ. मुकादमांसमोर बसला होता. डॉक्टर मूळच्या मुरूडच्या, म्हणजे रायगडच्याच, त्यामुळे दोघांचे बोलणे कामापुरते राहत नसे. त्या दिवशी राहिले.

“मला साध्या भाषेत सांगा,” मोकल म्हणाला. “हा माझा हात आहे की सेतूचा?”

“रेवसची खाडी डोळ्यांसमोर आणा. पूर्वी तुमचा सरळ रस्ता होता, निरोप धावत जायचा. आता मधे खाडी आली. निरोप होडीत घाला, पलीकडे उतरवा, वेळ जाणारच. चहाचा कप उचलायला तो वेळ चालतो. पकडीतून सुटायला चालत नाही.”

“मग मी सुटतो कसा?”

“पलीकडच्या काठावर आम्ही एक निरोप्या बसवलाय. तो तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखतो. अलीकडच्या काठावर तुम्ही नुसतं पाऊल ठेवलंत की त्याला कळतं, तुम्ही काय सांगणार. होडी यायच्या आतच तो निरोप घेऊन पुढे पळतो. याला आम्ही पूर्वाज्ञा म्हणतो. तुमची आज्ञा पोचण्याआधी, तुमच्याच सवयीवरून दिलेली आज्ञा.”

“आणि होडीतून वेगळाच निरोप आला तर?”

“तर त्यानं मागे फिरून तो ऐकायचा, असं ठरलेलं आहे.” डॉक्टर उठल्या. “एक करून बघू.”

त्यांनी त्याला उभे केले आणि दम धरायला सांगितले. दम तुटला तरी उजवा हात मांडीला चिकटलेला ठेवायचा, एवढीच अट. मोकलने ‘कबड्डी’ सुरू केले. डॉक्टरांच्या पडद्यावर दोन चकत्यांच्या दोन रेघा सरकत होत्या. सरतेशेवटी त्याचा चेहरा लाल झाला, शब्द तुटला आणि हात वर गेला. डाव्या हाताने मनगट धरून त्याने तो खाली ओढला. पुन्हा केले. पुन्हा तेच.

“डोक्यातून ‘नको’ निघालं का?” धापा टाकत त्याने विचारले.

“निघालं. बारीक आहे, पण निघालं. सेतूनं ते गोंगाट समजून टाकून दिलं.”

“गोंगाट?”

“नसांमध्ये सारखी खरखर चालू असते. त्यातून खरी आज्ञा निवडायची म्हणजे ओळखीची कोणती ते बघायचं. दम तुटल्यावर हात वर, ही तुमची आज्ञा त्याला अगदी पाठ आहे. दम तुटल्यावर हात खाली, ही तुम्ही कधी दिलेलीच नाही. जे तुम्ही आयुष्यात केलं नाही, ते त्याच्या लेखी तुमचं नव्हे.”

मोकल खुर्चीत बसला. “पूर्वाज्ञा बंद करा.”

“करते. पण मग खेळणं संपलं. तुमच्यावर कुणी झेपावलं की मान आधीच आवळली जाते ती तिच्यामुळे. ती नसेल तर मान उशिरा आवळेल, आणि एखाद्या दिवशी आवळणारच नाही. वैद्यकीय मंडळ परवानगी देणार नाही. मी तर सहीच करणार नाही.”

“आणि चालू ठेवली तर मी किती वर्षं खेळेन?”

“पाय साथ देतील तोवर. पंचेचाळीस, कदाचित पुढेही. तुम्ही पस्तिसाव्या वर्षी जसे वागत होता, तसेच वागत राहाल.” हे चांगले सांगितले की वाईट, ते डॉक्टरांच्या आवाजावरून कळत नव्हते.

“तो शिकतो कुणाकडून?”

“फक्त तुमच्याकडून. बाहेरून काही घालता येत नाही.”

“मग मी शिकवतो.”

“सुयोग,” डॉक्टर म्हणाल्या, “माझ्याकडे लोक वाईट सवय सोडवायला येतात.”

“मला सवय लावायची नाही, डॉक्टर. मला चोरी करता आली पाहिजे. करायची की नाही ते मी बघीन.”

“एवढा बारीक फरक तो शिकेल का, हे मला माहीत नाही. आजवर कुणी शिकवून पाहिलेला नाही.”

*

भाऊंनी आधी साफ नकार दिला. त्यांच्या संघात तीस वर्षे एक रीत होती. सरावात दम तुटला आणि गड्याने स्वतः हात वर केला नाही, तर शिक्षा त्याला नव्हे, बाकीच्यांना. सगळा संघ रेवदंड्याच्या वाळूत धावायचा आणि तो एकटा सावलीत बसून बघायचा. मोकल तेरा वर्षांचा असताना एकदाच असा सावलीत बसला होता.

“मी ज्या हातानं हे शिकवलं, त्याच हातानं चोरी शिकवू?” भाऊ म्हणाले. “लोक देवाला नवस बोलतात की इमान सुटू नये. तुझ्या मानेतच ते ठोकून बसवलंय. पेढे वाट.”

“चोरता येत असताना न चोरणं याला तुम्ही इमान म्हणायचात, भाऊ. मला आता चोरताच येत नाही. मग इमान कुठं राहिलं? पंख्याला कुणी इमानी म्हणतं का? बटण दाबलं की फिरतो.”

“पंखा करंडकाच्या मागे लागत नाही.”

“तेही खरं,” मोकल म्हणाला. “पण शिकवा.”

भाऊंनी शिकवले नाही. फक्त सरावाच्या हॉलची किल्ली दिली आणि स्वतः दाराशी खुर्ची टाकून पाठ करून बसले.

रोज सकाळचा सराव संपला की संघातले चार बचावपटू मागे थांबत. मोकल चढाईला जाई, दम तुटेपर्यंत त्यांच्यात घुटमळे आणि मग श्वास चोरून हात खाली ठेवून परतायचा प्रयत्न करी. पहिला आठवडाभर हात प्रत्येक वेळी वर गेला. पोरांनी त्याला ‘मोकलदादांचा चोरीचा क्लास’ असे नाव दिले.

“दादा, चोरताना तोंड एवढं पडतं का कुणाचं?” कोपरारक्षक विचारी. “आमच्याकडे बघा. आम्ही चोरतो तेव्हा कसे प्रसन्न दिसतो.”

एकाने हात कमरेला पट्ट्याने बांधायचे सुचवले. डॉक्टरांनी फोनवरून नको म्हटले. बांधलेला हात सेतूला काही शिकवत नाही. ‘नको’ वरूनच आले पाहिजे, पुन्हा पुन्हा, खरखरीतून उठून दिसेल इतके ठळक. मोकल त्या एका ‘नको’वर तसाच घाम गाळू लागला जसा शस्त्रक्रियेनंतर चमच्यावर गाळला होता. मधे रायगडचे सामने चालू होते. त्यांत त्याचा दम तुटला नाही, कारण तो लवकर परतत होता. गुण कमी झाले, पण संघ अंतिम फेरीत पोचला.

मग एका सकाळी हात कमरेपर्यंत येऊन थरथरत थांबला. आणखी चार-पाच दिवसांनी तो मांडीवरून हललाच नाही. मोकलने लगेच उलटे करून पाहिले. दम तोडला आणि हात वर करायचा ठरवला. हात वर गेला. पुन्हा ठरवून खाली ठेवला. खालीच राहिला.

तो पळत दाराशी गेला. “भाऊ! मी बेइमान होऊ शकतो!”

भाऊंनी मान वळवली नाही. “अभिनंदन,” ते म्हणाले. “आईला कळव.”

*

अंतिम सामना कोल्हापूरशी होता आणि शेवटच्या चढाईपर्यंत गुण बरोबरीत होते. ती चढाई मोकलची होती. त्याने उजव्या कोपरारक्षकाला पायाने स्पर्श केला. पडद्यावर स्पर्श उमटला. तो परत फिरत असताना मध्यरक्षकाने त्याची कंबर धरली. मान आवळली गेली, खांदा वळला, तो सुटला आणि मध्यरेषेकडे झेपावला. कमरेला मिठी बसली त्या क्षणी त्याचा दम तुटला होता.

मोकलने डावा हात रेषेवर टेकवला. पंच त्याच्यापासून हातभर अंतरावर वाकून उभे होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिले. मोकल म्हणजे हात वर करणारा गडी, हे त्यांनाही ठाऊक होते. ते क्षणभर थांबले.

उजवा हात खालीच होता. पंचांनी गुण रायगडला दिला.

संघाने मोकलला खांद्यावर घेतले. भाऊ गर्दीच्या कडेला उभे राहिले. तीस वर्षे त्यांनी गड्यांचा दम खांद्यांच्या हालचालीवरून ओळखला होता. ते खांद्यावरच्या मोकलकडे एकदा बघून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. मुकादमांचा फोन आला.

“दम तुटला होता,” त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

“हो.”

“हात खाली ठेवायचं ठरवलं होतंत?”

“नाही. वर करायचा ठरवला होता. रात्रीच ठरवलं होतं. तुटला तर वर करायचा, हरलो तरी. तो आला नाही, डॉक्टर. तुमचा निरोप्या आता चोरीच शिकलाय. सेतूत बघा, मी ‘वर’ म्हटलेलं सापडेल.”

“बघितलं. काहीतरी आहे. अगदी बारीक.”

“मग?”

“आज्ञा असेल किंवा खरखर असेल. मलाही त्यातला फरक सांगता येत नाही.” त्या पुढे म्हणाल्या, “मला दुसरंच विचारायचंय. जिभेच्या नसा कवटीतून निघतात. त्या मानेतल्या सेतूवरून जात नाहीत. तिथं कुणी निरोप्या नाही. हात आला नाही, मान्य. पंच हातभर अंतरावर होते. तुम्ही तोंडानं का नाही सांगितलंत?”

थोड्या वेळाने डॉक्टरांनी फोन ठेवला.

निकालावर हरकत घ्यायची मुदत त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत होती. पाऊण वाजता रायगडचा संघ करंडकासह छायाचित्रासाठी क्रीडागाराच्या पायऱ्यांवर जमला. मुख्य पंच शेजारच्या मांडवात चहा घेत होते. रांग लागल्यावर मोकल तिच्यातून निघाला आणि मांडवात जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

“या, सुयोगराव,” पंच म्हणाले. “बोला.”

मोकलने खोल श्वास घेतला. बाहेरून पोरे त्याला हाका मारत आहेत. तो अद्याप काही बोललेला नाही.