दुरुस्त न होणारा दोष

तिने त्याच्या लॅपटॉपचा प्लग उपटला, तिथून सगळं सुरू झालं.

वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलापाशी एकच सॉकेट होतं. एका शनिवारी सकाळी तिने त्यातला प्लग खुशाल काढला आणि समोरच्या माणसाचा स्क्रीन काळा झाला.

"बॅटरी मेलीय त्याची," तो शांतपणे म्हणाला. "दोन तासांचं काम होतं... असो."

"अय्या, सॉरी! मला वाटलं, कुणीतरी प्लग विसरून गेलंय."

"विसरणारा इथेच बसलाय की."

ती नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवायची आणि त्यांच्यासाठी धडे लिहायची. ते कुणीही न्यावेत, बदलावेत, वाटावेत, असं तिचं म्हणणं. आणि योगायोग बघा, अशा धड्यांचं पुस्तक बांधणारं मोफत सॉफ्टवेअर तो बनवत होता, सगळा कोड जगाला खुला ठेवून. मग काय, दर शनिवारी तेच टेबल, तेच सॉकेट. हृदयाची आकृती पानात बसवताना त्याचे कान लाल व्हायचे. ते बघण्यासाठी तिने हृदयावर एक धडा जास्तच लिहिला.

तीन महिने मजेत गेले. मग तिला त्याच्या सॉफ्टवेअरची तक्रारींची यादी सापडली. वापरणाऱ्यांनी दोष कळवायचे, त्याने उत्तर द्यायचं, सगळं उघड्यावर. तिथे 'गोगलगाय' या टोपणनावाने लिहिणारी एक चित्रकार होती. 'गोगलगाय, तू नसतीस तर माझं काय झालं असतं!' असं याने लिहिलेलं. तू! आणि आपण अजून 'मॅडम'? तिने दोघांचे दोन वर्षांचे निरोप एका बैठकीत वाचून काढले आणि जेवणावरची वासनाच उडाली. ज्ञान सगळ्यांचं असावं, हे तिला मनापासून पटत होतं. पण या माणसातलं थोडंसं तरी फक्त आपलं असावं... एवढंच.

"सरळ विचार ना त्याला," ताई म्हणाली.

"काय विचारू? मी काय जळते की काय?"

"छे! धूर माझ्या कढईतून येतोय."

पुढच्या शनिवारी तो यायच्या आत तिने राग काढायला म्हणून तक्रारीचा अर्ज उघडला. 'दोष: गोगलगाईला दहा मिनिटांत लाडिक उत्तर. समोर बसणारीला तीन महिने नुसतं मॅडम. दुरुस्ती तातडीने करावी.' लिहून मोकळं वाटलं. आता पुसू, म्हणून बोट नेलं आणि ते नेमकं शेजारच्या बटणावर पडलं. अर्ज गेला. यादीवरच्या अकराशे सभासदांना!

ती पुसायचं बटण शोधू लागली. तेवढ्यात खाली उत्तर उमटलं, खुद्द गोगलगाईचं. 'दोष मलाही आढळला. पण दहा मिनिटांची गोष्ट जुनी झाली. गेले तीन महिने हा शनिवारी कुणालाच उत्तर देत नाही. मी दिवसभर वाट बघते. शनिवारी असतं तरी काय, कुणी शोधेल का?'

म्हणजे तिकडेही पोटदुखी होती तर! तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. मान वर केली तर तो समोर उभा, हातात मोबाइल, कान लालबुंद.

"मी... निघते," ती पिशवी ओढत म्हणाली. "ते आधी पुसून टाका हो!"

"पुसता येत नाही. सगळं खुलं ठेवायचं, हा नियम तुम्हालाच फार आवडला होता." तो बसला. "उत्तर द्यायचंय. सॉकेट मिळेल?"

तिने मुकाट्याने आपला प्लग काढला. तो बराच वेळ टाइप करत राहिला, ती नखं कुरतडत राहिली. शेवटी त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. एवढा वेळ घेऊन चारच वाक्यं लिहिली होती. 'दोष तपासला. खरा आहे. शनिवारचं कारण माझ्यासमोर बसलंय. दुरुस्त करणार नाही.'

"हे... अकराशे जणांना गेलं?"

"गेलं."

"गोगलगाईलाही?"

"तिलाच पहिलं."

ती हसली, मग लगेच रुसली. "म्हणजे इथेही मी सगळ्यांच्यात एक. मला वेगळं काय?"

"तुला?" तो म्हणाला. पहिल्यांदाच. मग त्याने लॅपटॉप मिटला, मोबाइल पालथा ठेवला आणि तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं.

ते त्याने कुठेच लिहिलेलं नाही. तिनेही अजून कुणाला सांगितलेलं नाही, अगदी ताईलासुद्धा.