मुंग्या मागे फिरल्या

"माझ्या एस्तेरला बन्सीनं मारलंय. तुम्ही फक्त पुरावा द्या, पोलिसांत मी जातो."

प्रभुदास मास्तरांनी चहाचा कप पुढे केला, पण इतक्या तावातावानं की निम्मा चहा फरशीवर सांडला. गोरक्षनाथला भडभडून आलं. राजनंदिनीताई नगरच्या नावाजलेल्या गुप्तहेर आणि तो त्यांचा मदतनीस. पण त्याचं डोकं चालायच्या आधी डोळेच भरायचे.

लकव्यानं खाटेला खिळलेल्या त्यांच्या पत्नी एस्तेरबाई गेल्या महिन्यात डेंग्यूनं गेल्या होत्या.

"रोज रात्री मच्छरदाणी मीच लावायचो," मास्तर म्हणाले. "दर रविवारी चर्चमधून आलो की पिंप, रांजण उपडे घालून घासतो. घाण शेजारी आहे, बन्सीच्या टायरांत. दोनदा सांगितलं, मग बोलणंच टाकलं. उद्या नात येतेय, दया. तीही याच खाटेवर निजणार."

पंक्चरवाला बन्सी ताईंना पाहताच उठून उभा राहिला. "मास्तर बोलले तवापासनं एकूनएक टायरला भोक पाडलंय, ताई. पानी ठरतच न्हाई. बाई लई मायाळू हुत्या..." त्यानं एक टायर उचलून भोक दाखवलं. गोरक्षनाथनं टायर चाचपले. कोरडे ठाक होते.

मागच्या साळूबाईंनी गुरांचा हौदच दाखवला. "गप्पी मासे सोडल्यात. अळी दिसली तर मला सांगा!"

परत आल्यावर गोरक्षनाथ खाटेवर टेकला. जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या चादरीशी त्याच्या घोट्याला काहीतरी चावलं. त्यानं चापट मारली. पांढऱ्या पट्ट्यांचा डास, तोही भरदुपारी! सांडलेल्या चहाला मुंग्या लागल्या होत्या. त्यांची एक रांग चादरीखाली शिरली आणि तशीच मागे फिरली.

"मुंग्यांनाही मास्तरांचा धाक दिसतोय," तो म्हणाला.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी बन्सीला बोलावून घेतलं.

"टायर कोरडे, हौदात मासे. बाई तर घराबाहेर पडतच नव्हत्या. म्हणजे डास घरातलाच. उशाशी बिस्किटाचा चुरा आहे, तरी खाटेवर एक मुंगी नाही. का?"

त्यांनी चादर वर केली. खाटेचे चारही पाय पाण्यानं भरलेल्या डब्यांत होते. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"तिला हात हलवता येत नव्हता," मास्तर पुटपुटले. "मुंग्या चढल्या तर झटकणार कोण? म्हणून रोज सकाळी भर घालायचो. अजूनही घालतो."

"भर घालत होता, पण ओतून घासत नव्हता. हा डास दिवसा चावतो, आणि मच्छरदाणी तुम्ही रात्री लावायचा. त्यानं कुणाचा ताप उचलला देव जाणे. पण वाढला इथं." ताईंचा आवाज खाली आला. "उद्या दया यायची नसती, तर मी हे बोलले नसते, मास्तर."

मास्तर खाटेशी वाकले. त्यांनी एकेक डबा ओढून उन्हात ओतला. मग रिकाम्या खाटेकडे पाहत म्हणाले, "आता मुंग्या चढतील माझ्या एस्तेरच्या अंगावर."

गोरक्षनाथला तिथं उभं राहवेना.

बन्सी मुकाट्यानं गेला आणि काळ्या तेलाचा कॅन घेऊन आला. "जळकं ऑइल हाय, मास्तर. डब्यात ह्ये घाला. मुंगीबी चढत न्हाई, डासबी व्हत न्हाई."

मास्तरांनी कॅन हातात घेतला. "तुला विचारायला हवं होतं रे, बन्सी."

मास्तरांनी डबे घासले, बन्सीनं त्यांत तेल ओतलं. त्यानं खाट उचलून धरली, आणि मास्तरांनी ते डबे एकेक करून पायांखाली सरकवले.