कठड्यावरचा पिंड

भुतं असतात का, हे मला विचारू नकोस, ईशानी. मी शिरीषचं सांगतो. एनस्खेडेला आमच्या शेजारी राहायचा. इंजिनीअर, देवभोळा वगैरे अजिबात नाही.

सत्तावीस एप्रिल, दोन हजार एकवीस. इथल्या डच राजाचा वाढदिवस, आपली चैत्री पौर्णिमा आणि संचारबंदीची शेवटची रात्र, सगळं एकाच दिवशी. शिरीषच्या आईचा दहावाही त्याच दिवशी.

आई पुण्यात करोनानं गेली. वडील स्वतः अंथरुणाला खिळलेले, हा एकुलता एक, म्हणून अग्नी महापालिकेच्या माणसांनी दिला. दवाखान्यातून व्हिडिओ कॉलवर ती एवढंच विचारायची, "येतोस ना रे?" हा म्हणायचा, "तिकीट काढलंय, आई." कसलं तिकीट आणि कसलं काय. गेलो तर तिकडेच अडकू, नोकरी जाईल, या भीतीनं पठ्ठ्यानं साधी चौकशीसुद्धा केली नव्हती. मरत्या माणसाला थापा मारायच्या, याची मला अजून चीड येते.

गावाबाहेर एका जुन्या सरदाराची हवेली आहे. तिच्याकडे जाणाऱ्या ओकच्या झाडांच्या रस्त्यावर खंदक लागतो आणि त्यावर दगडी पूल. तिथं कावळे रग्गड. लहानखुरे, पांढऱ्या डोळ्यांचे. शिरीषनं सकाळीच पुलाच्या कठड्यावर भाताचा पिंड ठेवला, वर काळे तीळ घातले. कावळा शिवला की गेलेलं माणूस तृप्त झालं, असं आपल्यात मानतात. कावळे आले, ओळीनं बसले आणि नुसते बघत राहिले.

पुण्याहून गुरुजी फोनवर म्हणाले, "त्यांची इच्छा काय राहिली असेल ती पुरी करतो म्हणून सांगा. नाहीच शिवला, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावा आणि मोकळे व्हा."

पण आईनं माफ केलं की नाही, एवढं शिरीषला जाणून घ्यायचं होतं. बाबांना सांभाळीन म्हणाला. घर विकणार नाही म्हणाला. कावळे ढिम्म. बायको मृणालिनी म्हणाली, "अरे, तिकीट काढलं नव्हतं, हे सांग की एकदा त्यांना." हा तिच्यावरच खेकसला. ती बिचारी घरी निघून गेली.

दिवस मावळला. कावळे झाडांत गेले. चंद्र वर आला. संचारबंदी लागायची वेळ होत आली, तेव्हा शिरीषनं गवताचाच एक कावळा वळला. तो हातात धरून म्हणाला, "आई, येतो मी. उद्याच तिकीट काढतो."

पुन्हा थापच.

मागून आवाज आला.

"येतोस ना रे?"

तो वळला. पूल रिकामा. रस्ता रिकामा. पाणी हलत नव्हतं...

त्याला हो म्हणायचं होतं. पण तो कठड्याकडे मागं सरकला.

"येतोस ना?" आता अगदी कानाशी.



वाट बघत होती ती.

मग त्याचा धीर सुटला. गवताचा कावळा तिथंच टाकून तो जो पळाला, तो घराचं दार लावूनच थांबला. मृणालिनीला सगळं सांगितलं.

पहाटे संचारबंदी उठली, तशी दोघं परत पुलावर गेली. आईचा पिंड जसाच्या तसा होता. एक शीत हललं नव्हतं.

त्याच्या शेजारी दुसरा पिंड होता. हातानं नीट वळलेला, वर काळे तीळ. मृणालिनीनं बोट लावून पाहिलं. भात गरम होता.

कुणाचा म्हणून काय विचारतेस, ईशानी? त्या घरात दुसरं कुणी गेलेलं नव्हतं. 'येतो' म्हणालेला मात्र एकटा शिरीष.

दोघं बघताहेत तोवर झाडावरून एक कावळा उतरला. आईच्या पिंडाकडे त्यानं पाहिलंही नाही. दुसऱ्याला तो लगेच शिवला.